पुनवेची स्वारी

एक होता राजा, आणि त्याच्या वेशीवर होता एक बोलका नगारा. कुणी टिपरू मारायला नको, बरं का, तो आपला आपणच बोलायचा. लोक आधी नगारा ऐकायचे, मग चूळ भरायचे. आणि लढाईचं नाव काढलं, की त्याचं चामडं असं ताठ व्हायचं.

राजाची राणी केतकी नदीपलीकडची. तिला मुलगी झाली. मग एके दिवशी पलीकडून एक साळुंकी उडत आली आणि भर दरबारात बोलली, "पुनवेला आमची स्वारी येते आहे."

राजा ताडकन उठला. "स्वारी? आमच्यावर?"

केतकी गालात हसली. "अहो, स्वारी म्हणजे माझा भाऊ. भाचीच्या बारशाला येतोय. आमच्याकडे असंच म्हणतात, मामाची स्वारी आली."

पण नगाऱ्यानं अर्धंच ऐकलं होतं. तो दणाणला, "स्वारी येते, स्वारी येते." घरोघरी भाल्यांना धार लागली.

मग केतकी वेशीवर जाऊन लोकांना सांगू लागली. नगारा घुमला, "राणीचा ओढा माहेरी, राणीचा ओढा माहेरी." गर्दीतली एक म्हातारी फुलवाली म्हणणारच होती, "खरंय राणीचं." पण तिनं चटकन तोंडावर पदर घेतला.

मग केतकी पुन्हा राजाकडे गेली. "निदान साळुंकीला परत विचारा." राजाला ते जरा पटलंही. तेवढ्यात नगारा गरजला, "राजा घाबरला, राजा घाबरला." झालं. राजानं चिलखत चढवलं.

पुनवेच्या सकाळी सगळं सैन्य नदीकाठी. नगाराही गाड्यावर घालून आणलेला. पलीकडून नाव निघाली. पुढे केतकीचा भाऊ उभा, मागे चौघांनी धरलेलं काहीतरी लांब, झाकलेलं. "तोफ, तोफ," नगारा म्हणाला. धनुष्यं ताणली गेली. भाऊ हात हलवून काही सांगत होता, पण नगाऱ्यापुढे कुणाला ऐकू येणार?

केतकी बाळाला घेऊन धावली. भाल्यांच्या खालून, घोड्यांच्या मधून, थेट गाड्यापाशी. निदान पोरीच्या अंगाखाली तरी हा गप्प बसेल, म्हणून तिनं बाळाला नगाऱ्यावरच ठेवलं. नगारा आणखीच थरथरला. बाळाला गुदगुल्या झाल्या. मग बाळानं काय केलं असेल? शू केली. भरपूर.

चामडं भिजलं, सैल पडलं. नगारा बोलायला गेला, तर नुसतंच "भप्प".

मग सगळ्यांना सनई ऐकू आली. भावाचा आवाजही. "दाजी, भाचीला पाळणा आणलाय. बाण कसले रोखता?"

धनुष्यं खाली आली. राजा मान खाली घालून केतकीजवळ आला. "तू तर सांगत होतीस."

"हो. आता आधी पोरीचं दुपटं बदला," केतकी म्हणाली. राजानं अंगावरचं चिलखत न उतरवताच ते बदललं.

बारसं थाटात झालं, सगळी सुखात नांदली. नगारा अजून वेशीवर आहे. पण तो लढाईचं बोलायला लागला, की लोक आधी एक तान्हं बाळ आणून त्याच्यावर ठेवतात.

चला, आता तुमचीही स्वारी गोधडीत.