लाल गाडी, पांढरी गाडी आणि घाट

एका घाटमाथ्यावरच्या जंगलात एक म्हातारं अस्वल राहत असे. मुलांनो, त्या अस्वलाकडे एक जुनी, लाल, शर्यतीची गाडी होती. लांब नाक, दोनच जागा आणि पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. सकाळी चोक ओढून इंजिन गरम केल्याशिवाय ती हलायची नाही. पण एकदा हलली, की वळणावर पाण्यासारखी वाहायची. शेजारच्या खारीने नवी, पांढरी, छोटी गाडी घेतली होती. बटण दाबलं की सुरू. अस्वल त्या गाडीला डबा म्हणायचं आणि खारीला रोज चिडवायचं, "काय गं पोरी, आज डब्यात भाजी कसली?" खार म्हणायची, "आजोबा, तुमच्या महाराणीची झोप उडेपर्यंत माझा बाजार करून झाला!"

एका दुपारी हरिणीच्या पाडसाला साप चावला. मुंगसाचा दवाखाना घाटाखाली होता. "उशीर झाला तर..." हरिणी पाडसाला कवटाळत म्हणाली. अस्वलाने दोघांना शेजारच्या जागेवर बसवलं आणि लाल गाडी अशी सोडली, की मागून निघालेली खार पहिल्याच वळणाला दिसेनाशी झाली. पण अर्ध्या घाटात दरड कोसळली होती. आता उरली होती फक्त दगडधोंड्यांची जुनी गाडीवाट. अस्वल खाली उतरलं. त्याने एकदा दगडांकडे पाहिलं, एकदा गाडीच्या पोटाकडे. ही वाट तिला झेपणार नव्हती. पाडसाची मान तर आईच्या मांडीवर कलली होती.

एवढ्यात खार आली. तिची गाडी उंच होती, दगडांवरून सहज जाणारी. पण खाली बघून खारच दोन पावलं मागे सरली. "आजोबा, असा उतार मी कधी उतरले नाही हो."

अस्वलाला त्या छोट्या स्टिअरिंगमागे बसता येणार नव्हतं, पण घाटाचं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं. मग त्याने लाल गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, "थांब हं बाई इथेच," म्हणालं आणि खारीशेजारी जाऊन बसलं. मागे हरिणी पाडसाला घेऊन बसली. उतार लागताच खारीने, पेट्रोल वाचवायच्या सवयीने, गाडी न्यूट्रलला टाकली. गाडी सुसाट सुटली. ब्रेक दाबून दाबून जळका वास यायला लागला.

"पोरी, घाबरू नकोस," अस्वल हळू आवाजात म्हणालं. "उतारावर गाडी कधी मोकळी सोडू नये. ब्रेक दाब, दुसरा गिअर टाक. हां, आता इंजिनच तिला धरून ठेवील. पुढे डावीकडे वळण आहे, मी सांगेन तेव्हा वळव. आता!" अस्वल एकेक वळण आधीच सांगत गेलं आणि खार ते घेत गेली.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली, तेव्हा पाडसाचा श्वास अजून चालू होता. मुंगसाने लगेच सुई टोचली. सगळे वाट बघत बसले. शेवटी पाडसाने डोळे उघडले, ते लटपटत उभं राहिलं आणि त्याने दूध पिण्यासाठी आईला ढुशी दिली. हरिणी रडता रडता हसली. खारीने तर धावत जाऊन असा हॉर्न वाजवला, की अख्खी दरी दुमदुमली.

"आलात तरी कसे त्या वाटेने? गाडी कोणाची?" मुंगसाने विचारलं.

"हिची," अस्वल अभिमानाने म्हणालं.

"आणि घाट ह्यांचा!" खार म्हणाली.

तात्पर्य : आपल्या गाडीचा अभिमान जरूर बाळगावा, पण वेळ आली, की ती बाजूला लावून दुसऱ्याच्या गाडीत मदतीला बसता आलं पाहिजे.