फटीतली चोच

बाळांनो, सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, उंच बेहड्याच्या झाडावर, धनेश पक्ष्याचं एक जोडपं राहत असे. या धनेशांची एक रीत आहे, ती ऐकून तुम्ही तोंडात बोटच घालाल. अंडं घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून बंद करून टाकते! चोच जाईल एवढी फट तेवढी राहते. आत तिची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. पिल्लू उडण्याजोगं झालं आणि तिलाही नवी पिसं फुटली की भिंत फोडून ती दोघं बाहेर येतात. तोवर नराने बाहेरून भरवायचं आणि आतल्यांनी जगायचं.

आपला धनेश मोठा कामसू होता. भिंत लिंपली जात असताना त्याने मादीला शब्द दिला, "तू अगदी निर्धास्त राहा. आणि भिंत फुटेल त्या दिवशी मी समोरच्या फांदीवर हजर असेन. बाहेर आल्यावर बाळाला पहिला दिसेन तो मीच!"

सुरुवातीला तो एकेक उंबर आणायचा, फटीतून भरवायचा आणि दोन गोष्टी बोलत बसायचा. अंडं फुटून आतून बारीकसा आवाज आला, तेव्हा तर स्वारी इतकी हरखली की फांदीवरून पडता पडता वाचली. पण मग त्याच्या डोक्यात एक विचार शिरला, आणि तिथेच सगळं बिघडलं. 'एका फेरीत एकच उंबर? केवढा वेळ वाया जातोय!' तो गळा भरभरून फळं आणू लागला. वाटेत थांबणं सोडलं, बोलणं सोडलं. फट दिसली की चोच आत, फळं आत, की हा निघाला. आता इतका वेळ वाचवल्यावर त्या वेळाचं त्याने काय केलं असेल? बसला असेल पिल्लाजवळ? छे हो! आणखी फेऱ्या मारल्या!

आतून मादी म्हणायची, "अहो, पोटं भरलीत आमची. जरा बसा ना. याला तुमचा आवाजसुद्धा ओळखू येत नाही."

"अगं, वेळ कुठे आहे? एकदा हे सगळं आटोपू दे, मग निवांत बसणारच आहे," असं म्हणेपर्यंत तो उडालेलासुद्धा असायचा.

शेजारच्या झाडावरचा म्हातारा वानर हे रोज बघत होता. एकदा न राहवून तो म्हणाला, "अरे, दम खा जरा. ढोलीखाली बघ, न संपल्याने आतून टाकलेली तुझी फळं सडून मुंग्या लागल्यात त्यांना."

"तुझं बरं आहे, आजोबा! शेपटी सोडून बसलं की झालं," धनेश फणकारला. "मला बायकोपोर आहे."

एके दिवशी सकाळी मादीने फटीतून सांगितलं, "आज भिंत फोडतोय आम्ही. कुठे जाऊ नका हं."

धनेशाचं काळीज आनंदाने धडधडलं. तो समोरच्या फांदीवर बसलादेखील. पण रिकामं बसून त्याला चैन पडेना. पलीकडच्या डोंगरावरचा वड लाल फळांनी लगडला होता. 'भिंत काय लगेच फुटतेय थोडीच! तेवढ्यात एक फेरी होईल. मग उद्याचीही काळजी नाही.' आणि गेला की हो!

गळा तुडुंब भरून तो परतला. सवयीने फटीत चोच घालायला गेला, तर चोच हवेतच राहिली. फटच नव्हती! भिंत फुटून तिचे तुकडे खाली पडले होते. ढोलीत काळोख, ना आवाज, ना हालचाल. साप शिरला? उदमांजर आलं? त्याला ओरडायचं होतं, पण गळाभर फळं! आवाजच फुटेना. त्याने भडाभडा सगळी फळं खाली ओकली आणि असा आकांत केला की सगळं रान दचकलं.

"अहो, इकडे!" वरून मादीचा आवाज आला. बघतो तर काय, ती उंच फांदीवर बसलेली आणि तिला चिकटून एक चांगलं मोठं पिल्लू. अंगभर पिसं, काळेभोर डोळे!

"पडता पडता उडलं रे," वानर म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

धनेश झेपावत त्यांच्याजवळ गेला. तर पिल्लू किंचाळून आईच्या पंखाआड दडलं. मग हळूच एक डोळा बाहेर काढून बघू लागलं.

"आई, ही तर आपली जेवणाची चोच!" ते थरथरत म्हणालं. "पण हिच्यामागे एवढं मोठं कोण आहे?"

धनेश थिजून गेला. ज्याच्यासाठी पंख झिजवले, त्याला आपण कोण हेच ठाऊक नाही! डोळे भरून आले त्याचे. तो दोन फांद्या मागे सरकला आणि तिथेच बसला. खाली मुंग्यांनी वडाची फळं ओढायला सुरुवात केली, तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. पिल्लाची भीती घालवायला गळाभर फळांचा काही उपयोग नव्हता आणि घाईचा तर नव्हताच. हळूहळू ऊन उतरलं.

संध्याकाळी पिल्लू आईच्या पंखाआडून बाहेर आलं आणि एक फांदी जवळ सरकलं. धनेश श्वास रोखून बसून राहिला.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी आपण धावतो, त्यांच्याजवळ बसायचा वेळ कामं संपल्यावर उरत नाही, तो कामं चालू असतानाच काढावा लागतो.