लाल बाकापर्यंत

“...मग एकट्यानं जगायचं कसं, आप्पा? तेवढं मला शिकवा.”

आप्पा नाबर एका सायकलच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

डेन्मार्कच्या दक्षिणेकडे एका लहानशा बेटावर, समुद्रालगतच्या वाटेवर त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचा वेंगुर्ल्याचा हा माणूस जहाजावर इंजिनिअर होता. चाळीस वर्षांपूर्वी इथे उतरला तो पुन्हा चढलाच नाही. आता सायकली दुरुस्त करायचा. त्या मुलखातली मराठी मंडळी मनात काही अडलं की त्याच्याकडे जात. आप्पा बोलायचे कमी, तरी लोक जात.

विद्याधर टिपणीस पुण्याचे. वय एकसष्ट. कोपनहेगनला मुलीकडे आले होते आणि मुलीनेच त्यांना इकडे पिटाळलं होतं.

“शालन जाऊन आठ महिने झाले,” टिपणीस म्हणाले. “खरं सांगू का, मला आयुष्यात कधी कुणाची गरज लागली नाही. नोकरी, परीक्षा, बढती... सगळं स्वतःच्या हिमतीवर. ती आपली घरात असायची. आणि आता सकाळी चहा ठेवायचा म्हटलं तरी हातपाय गळतात. मी असा नव्हतो हो! मला झालंय काय?”

आप्पांनी पंप दुसऱ्या चाकाला लावला.

“बरं, अंगात बळ नाही म्हणावं, तर तसंही नाही. आजचंच बघा. दीपस्तंभापासून इथवर पंधरा किलोमीटर. पाऊण तासात आलो! भाड्याची सायकल, हे वय, आणि एकदाही थांबलो नाही. वाटेत तो लाल बाक आहे ना, तो कधी मागे पडला कळलंसुद्धा नाही.”

सांगताना त्यांची छाती जरा फुगलीच. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

आप्पांनी फडक्याला हात पुसले. टिपणिसांची सायकल घेतली आणि आल्या दिशेला तोंड करून उभी केली.

“त्या बाकापर्यंत जाऊन ये.”

“आत्ता? कशाला?”

“ये तर जाऊन.”

जेमतेम दोन किलोमीटर. टिपणीस हसतच निघाले.

शेडचा आडोसा संपला आणि वारा तोंडावर आदळला.

त्यांनी पायडलवर जोर दिला. गिअर बदलला. पुन्हा बदलला. सायकल हलायचं नाव घेईना. वाटेच्या कडेचं सगळं गवत त्यांच्या दिशेला लोळत होतं. घरांपुढच्या उंच काठ्यांवर लांब, अरुंद पताका आडव्या ताणलेल्या होत्या. इथली माणसं सायकल बाहेर काढण्याआधी त्या पताकांकडे बघतात. टिपणिसांनी सकाळपासून एकदाही वर पाहिलं नव्हतं.

पाठीमागून एक म्हातारी आली. पुढच्या टोपलीत पाव, मान खाली. टिपणिसांना सहज मागे टाकताना ती “हाय” म्हणाली. उत्तर द्यायला यांच्यात दम नव्हता.

शेवटी ते उतरले आणि सायकल ढकलत बाकापाशी पोचले.

समोर राखाडी पाणी. ना होडी, ना माणूस. इतकं एकटं त्यांना स्मशानातून परतताना वाटलं नव्हतं. तेव्हा निदान चार माणसं बरोबर होती.

बढतीच्या परीक्षेचं वर्ष त्यांना आठवलं. शालन दीड वर्षाच्या पोरीला घेऊन दोन महिने माहेरी जाऊन राहिली होती. जाताना डबे भरून ठेवले होते, कशात काय आहे ते चिठ्ठ्यांवर लिहून. घर एवढं शांत कसं, हे त्यांनी तेव्हा विचारलंही नव्हतं. पास झाल्याचे पेढे मात्र कचेरीत वाटले होते.

मग त्यांनी सायकल वळवली.

परतायला सात मिनिटंही लागली नाहीत. पायडल फारसं मारावं लागलं नाही.

“आप्पा... मी आलो तेव्हा हा वारा होता?”

“सकाळपासून आहे.”

“मग मला कसा नाही कळला?”

“पाठीशी होता ना.”

टिपणीस दारातल्या खोक्यावर बसले.

“एकतीस वर्षं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं, आप्पा... आणि मी तिला एकदाही...”

एकसष्ट वर्षांचा तो माणूस पोरासारखा रडला. आप्पांनी रडू दिलं. मग किटलीतला चहा कपात ओतला आणि त्यांच्या हातात ठेवला.

चहा निवून गेला...

“निघतो,” टिपणीस उठत म्हणाले. “फक्त एवढं सांगा, कुठल्या बाजूनं जाऊ? वारा तोंडावर येणार नाही अशी वाट दाखवा. आज पुन्हा तो सोसवायचा नाही मला.”

आप्पांनी पंप उचलला, पुढच्या सायकलकडे वळले.

“बेट आहे हे, विद्याधर. निघालास तिथंच परतायचं, तर कुठूनही जा... अर्धी वाट समोरच्या वाऱ्याचीच.”