चाळीस जणांना दिसलेले साहेब

आंबेखोलच्या शाळेत खेळांचा दिवस होता. भर दुपारी आभाळातून एक झगझगीत तबकडी खाली आली, लंगडीच्या रिंगणावर क्षणभर थांबली आणि डोंगरापलीकडे निघून गेली. गुरांचे डॉक्टर, पोस्टमास्तर, हवालदार धरून चाळीस शहाण्यासुरत्या माणसांनी ती पाहिली. मुख्याध्यापिका इंदुमती खानविलकरबाईंनी तसा रीतसर अहवाल वर पाठवला.

आठव्या दिवशी शिक्षण खात्यातले दिघावकर साहेब चौकशीला आले. चाळीसही साक्षीदारांना एका वर्गात बसवून ते गरजले, "एकाला दिसतं ती साक्ष! चाळीस जणांना एकदम दिसतं, तो सामूहिक भ्रम! बाई, अहवाल मागे घ्या, नाहीतर उद्याच तुमची बदली करतो."

बाईंच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? त्यांनी अहवाल काही मागे घेतला नाही.

निघताना साहेबांनी आपल्या दौऱ्याचा कागद पुढे सरकवला. "मी इथे येऊन गेलो, एवढं लिहा आणि शिक्का मारा."

बाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"साहेब, तुम्ही एकट्या मला दिसला असतात तर लगेच लिहून दिलं असतं. पण काय करू, तुम्ही चाळीस जणांना एकदम दिसताय!"

हवालदाराला हसू आवरेना. साहेब लालबुंद झाले; पण शिक्क्याशिवाय दौरा धरला जाणार नव्हता. शेवटी त्यांनी मुकाट्याने अहवालावर 'मान्य' अशी सही केली.

तबकडी खरी ठरली, तेव्हा कुठे बाईंनी साहेबांना खरं ठरवलं.