मुंगसाची सात पानं

फार फार पूर्वी, जेव्हा प्राणी भरपूर बोलायचे आणि माणसं जरा कमी, तेव्हा एका जंगलात एका मुंगसानं पैज घेतली. घ्यायला नको होती. पण घेतली.

पैज लावली रानकोंबड्यानं. पहाटे आरवून झालं की त्याला दिवसभर काही काम नसायचं, म्हणून तो दुसऱ्यांच्या मागे लागायचा.

"ए मुंगश्या," तो म्हणाला, "सापाशी मारामारी काय, कुणीपण करेल. हिंमत असेल तर पारखसभेचे प्रश्न चोरून आण!"

"आणतो की! त्यात काय?" मुंगूस म्हणालं. विचार त्यानं नंतर केला.

"नाही आणलेस, तर वर्षभर रोज पहाटे माझ्याऐवजी तू आरवायचं."

"आणि आणले, तर?"

"तर वर्षभर मी गप्प."

यात अख्ख्या जंगलाचं भलं होतं. मुंगसानं लगेच पंजा पुढे केला.

आता पारखसभा म्हणजे काय, ते ऐका. त्या जंगलात कुणालाही एखाद्या गोष्टीचा शोध घ्यायचा असला, की वर्षभर त्याचं खाणंपिणं जंगल बघायचं. त्यानं फक्त शोध घ्यायचा. पण आधी काळ्या कातळावर उभं राहून सांगायचं: काय शोधणार, कसं शोधणार, कशासाठी शोधणार. तीन जाणते समोर बसून प्रश्न विचारायचे. उत्तरं पटली तर वर्ष मिळायचं. नाही पटली तर पुढची तीन वर्षं कातळावर पाय ठेवायचा नाही.

जाणत्यांनी मात्र तो बेत अगोदर मागवून आपले प्रश्न तीन दिवस आधीच पळसाच्या पानांवर कोरून अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत ठेवायचे आणि ढोली चिखलानं बंद करायची. का? तर आयत्या वेळी तोंड बघून कुणी मित्राला सोपं आणि वैऱ्याला अवघड विचारू नये. ढोलीवर आग्या मोहोळ लटकत होतं, त्यामुळे राखणदार ठेवायची गरज नव्हती.

त्या वर्षी कातळावर उभी राहणार होती साळू, म्हणजे साळिंदर.

डोंगराच्या पायथ्याचा डोह दरवर्षी आधीच्यापेक्षा लवकर आटत होता. मागच्या वैशाखात तर नुसता चिखल उरला. साळू आपली दोन पिल्लं घेऊन पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडून गेली. परत येताना तिच्याबरोबर एकच होतं.

सगळे म्हणाले, ऊन वाढलंय. साळू म्हणाली, बघायला हवं. तिचा बेत साधा होता. अंगावरचे गळालेले काटे ती पाण्याच्या काठावर रोज एक असे रोवणार होती, म्हणजे पाणी कधी आणि कुठल्या बाजूनं मागे सरतंय ते कळलं असतं. डोहाजवळ एकटी असली की ती हे छान समजावून सांगायची. पण समोर चारजण आले की तिचे काटे ताठ उभे राहायचे, खडखडखड वाजायचे, आणि त्या खडखडाटात तिचे शब्द हरवून जायचे.

तर मुंगूस निघालं ढोलीकडे. पहिली माशी नाकाला चावली, दुसरी कानाला. तिसरी कुठे चावली ते मुंगसानं कधी कुणाला सांगितलं नाही. ढोलीला त्याचा पंजासुद्धा लागला नाही. नाक मात्र रानवांग्याएवढं झालं.

झुडपात बसून नाकाला चिखल लावताना मुंगसाच्या डोक्यात प्रकाश पडला. 'अरे! कोंबड्यानं तरी ते प्रश्न कुठे बघितलेत?'

त्यानं पळसाची सात पानं तोडली आणि नखानं मनाला येईल ते कोरलं. शाळेत ते दोनच पावसाळे गेलं होतं, त्यातला एक वर्गाबाहेर उभं राहण्यात गेला. मोठे शब्द येत नव्हते. म्हणून जे खरंच कळत नव्हतं, तेच सरळ लिहिलं.

कोंबड्यानं पानं उलटीसुलटी करून वाचली. "हे खरे कशावरून?"

"सभेत बघ ना."

"बघतोच! जा, साळूला नेऊन दे. हेच प्रश्न आले आणि तिनं धडाधड उत्तरं दिली, तर तू जिंकलास."

मुंगूस भर दुपारी साळूच्या बिळाशी गेलं. "मावशी, तुझं काम झालं! सभेचे प्रश्न आणलेत. थेट ढोलीतले."

साळूचे काटे ताड्कन उभे राहिले. "उचल ती पानं आणि चालता हो. असल्या चोरीनं माझ्या डोहात पाणी येणार आहे का?"

हे मुंगसाच्या हिशेबात नव्हतं. साळूनं उत्तरंच तयार केली नाहीत, तर पैज गेली! त्यानं घाईघाईनं पवित्रा बदलला. "बरं बाई, नाहीत ढोलीतले. माझेच आहेत. झालं समाधान?"

दिवसभरात ते पहिल्यांदाच खरं बोललं होतं. पण साळूला ते कळायला मार्ग नव्हता, आणि मुंगसाच्या लक्षात आलं नाही.

"तुझे आहेत ना? मग पानं ओढ्यात टाक," साळू म्हणाली, "आणि तुझ्या डोक्यातलं तोंडानं विचार. चोरलेलं असेल, तर पानांशिवाय अडखळशील."

मुंगसानं पानं ओढ्यात सोडली, पाय पसरले आणि सुरुवात केली. "उन्हाळ्यात पाणी आटतं हे शेंबड्या पोराला माहितीय. त्यात तू नवीन काय करणार?"

साळू खूप वेळ बोलली. मुंगसानं जांभई दिली. "काय कळलं नाय."

साळू पुन्हा बोलली, जरा थोडक्यात. मुंगसानं पुन्हा जांभई दिली. तिसऱ्यांदा ती वैतागून म्हणाली, "पाणी किती आटतं ते नाही रे, जातं कुठे ते बघणार!"

"हां! असं बोल की मग. आता सांग, तुझे काटे रानडुकरांनी तुडवले तर?"

हे साळूच्या ध्यानातच आलं नव्हतं. बराच वेळ तिनं जमीन उकरली. मग म्हणाली, "समोरच्या खडकावर रोज ओरखडाही काढीन. काटा गेला तरी खूण राहील."

"आणि वर्षभर आमची कंदमुळं खाऊन काहीच सापडलं नाही तर?"

खडखडखड!

"काटे खाली, मावशी!" मुंगूस टुणकन मागे सरलं. "प्रश्नच विचारला ना? चावलो का?"

साळूला हसू आलं, आणि काटे आपोआप खाली बसले. दुसऱ्या दिवशी हाच तमाशा. तिसऱ्या दिवशी मुंगसानं सगळ्यात वाकडा प्रश्न मुद्दाम ओरडून विचारला, तर काटे हललेसुद्धा नाहीत.

सभेचा दिवस उजाडला. जाणते होते टिटवी, घोरपड आणि म्हातारा गवा. ढोलीचा चिखल फोडून पानं काढली.

"उन्हाळ्यात पाणी आटतंच! शोधायचं काय त्यात? काय त्यात?" टिटवी किंचाळली.

"पाणी किती आटतं ते नाही, जातं कुठे ते बघणार," साळू शांतपणे म्हणाली.

"काटे हलले तर?" घोरपडीनं विचारलं. साळूनं खडकावरचे ओरखडे सांगितले. पण घोरपडच ती, एकदा धरलं की सोडते कुठली? "आणि खडक हलला तर?"

"खडक हलला तर, घोरपडकाकू, पाण्याचं राहू दे. आपण सगळ्यांनी आधी पळायला हवं."

सभा खदखदून हसली. घोरपडीनं प्रश्न सोडला. लोक सांगतात, असं आधी कधी घडलं नव्हतं.

गव्यानं मान उचलली. "काहीच सापडलं नाही तर?"

"तर आजोबा, पाणी कुठून जात नाही, तेवढ्या जागा तरी कळतील. माझ्यामागून शोधणारा तिथे वेळ घालवणार नाही."

गव्यानं हळूच मान डोलावली. आणि तेवढ्यात रानकोंबड्याला आठवलं, की आता वर्षभर गप्प बसावं लागणार. ते त्याला सोसेना.

"चोरी! चोरी!" तो ओरडला. "मुंगसानं ढोली फोडलीय! हेच प्रश्न त्याच्याकडे होते, मी माझ्या डोळ्यांनी वाचलेत! आणि हा रोज साळूच्या बिळात बसलेला असायचा!"

सगळ्या माना मुंगसाकडे वळल्या.

"प्रश्न फुटले असतील," गवा जड आवाजात म्हणाला, "तर सभा रद्द. साळूला तीन वर्षं थांबावं लागेल."

तीन वर्षांत तिथे डोह उरलाच नसता. साळूचे काटे उभे राहिले नाहीत. ती फक्त कातळाच्या कडेला बसलेल्या आपल्या उरलेल्या पिल्लाकडे बघत राहिली.

"मुंगश्या," गव्यानं विचारलं, "प्रश्न चोरलेस?"

'हो' म्हटलं की पैज जिंकली. वर जंगलभर नाव: आग्या मोहोळाला फसवणारा! मुंगसानं कोंबड्याकडे बघितलं, मग त्या पिल्लाकडे. मग पुढे येऊन कातळावर चढलं.

"नाही चोरले," ते म्हणालं. "चोरायला गेलो होतो, पण हे नाक बघा. माश्यांनी ढोलीपर्यंत पोचूच दिलं नाही. मग कोंबड्याला फसवायला मीच पानं कोरली. मावशीला ढोलीतले म्हणून द्यायला गेलो, तर तिनं हाकलून दिलं. ती पानं ओढ्यात गेली. पुढे जे विचारलं, ते माझ्या टाळक्यातलं. खोटं सगळं माझं आहे, तिचं काही नाही."

"तुझ्या टाळक्यातलं?" घोरपड म्हणाली. "मग आत्ता एक विचार. इथं, सगळ्यांसमोर."

मुंगसानं सुजलेलं नाक खाजवलं. "मावशी, पाणी पळवणारा तुझाच सोयरा निघाला, तर सांगशील?"

साळूनं पंजानं कातळ खरवडला. मग म्हणाली, "माहीत नाही. तेवढं धाडस होईल का, ते आज नाही सांगता येत. म्हणून ओरखडे असे काढीन, की कुणीही येऊन बघावेत. मी गप्प बसले, तरी खडक सांगेल."

"हा प्रश्न माझ्या पानावर हवा होता," घोरपड पुटपुटली.

गव्यानं खूर आपटला. साळूला वर्ष मिळालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काळ्या कातळावरून असा काही भेसूर आवाज आला, की अर्धं जंगल घाबरून बिळात शिरलं. मुंगूस आरवत होतं. वर्षभर आरवलं, एक दिवस न चुकवता. आणि तेव्हापासून सभेला उभं राहणारा प्रत्येकजण तीन दिवस आधी मुंगसाकडे जातो आणि म्हणतो, "विचार बाबा, काय विचारायचं ते."

बोध: दुसऱ्याचे प्रश्न चोरून कुणी तयार होत नाही, आपल्या कामाला आपणच अवघड प्रश्न विचारले, की कुणाच्याही प्रश्नाची भीती उरत नाही.