कोरा हात

पुष्कळ वर्षांपूर्वी माळाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात घरोघरी अत्तर गाळलं जाई.

गावाची एक रीत होती. कुणाला भेटायचं, तर आधी आपल्या हाताला अत्तर लावायचं. वार बदलला की अत्तरही बदलायचं. सोमवारी मोगरा, मंगळवारी केवडा, बुधवारी गुलाब, असा आठवडा सुवासानं फिरे. अत्तर न लावलेल्या हाताला तिथे 'कोरा हात' म्हणत. कोरा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याचा अपमान करणं.

तिथल्या एका अत्तरवाल्याला दोन मुलं होती. थोरला मुलगा बोलका आणि उतावळा. धाकटी मुलगी मात्र इतकी बुजरी, की पाहुणे आले की ती दाराआड उभी राही. पण दाराआडूनही तिला पुष्कळ दिसे.

एकदा वाळवंटातला एक उंटवाला अत्तराच्या कुप्या न्यायला आला. त्याच्यासोबत एक लाकडी खोकं होतं. खोक्यात हातभर वाळू, आणि वाळूत दोन वाळवंटी उंदीर. आपण आज ज्यांना जर्बिल म्हणतो, तसेच. एक गव्हाळी, एक राखाडी. डोळे काळ्या मण्यांसारखे आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. कुणाची सावली पडली, की ते मागचे पाय ठकठक आपटत आणि बिळात गुडुप होत.

धाकटी दाराआडून बाहेर आली, ती थेट खोक्यापाशी.

"वादळात सापडलेली पिल्लं आहेत," उंटवाला म्हणाला. "सांभाळशील, पोरी?"

तिनं मान हलवली.

"मग माझी अट ऐक. सव्वा महिन्यानं मी परत येईन. तोवर दोघंही आपल्या पायांनी तुझ्या तळहातावर यायला लागले, तर तुझे. नाहीतर मी त्यांना नेऊन त्यांच्या वाळवंटात सोडीन. जन्मभर भीत जगायला मी त्यांना कुणाच्या घरी ठेवणार नाही."

धाकटीनं पुन्हा मान हलवली. या वेळी जरा जोरात.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. रीतीप्रमाणे हाताला अत्तर लावायची, तळहातावर बाजरीचे दाणे ठेवायची आणि हात वाळूवर टेकवून बसायची. उंदीर वितीभर अंतरावर येत, नाक हलवत, की लगेच ठकठक आणि गुडुप. बारा दिवस गेले. दाणे तसेच.

"अगं, असं बसून काय होणार?" थोरला म्हणायचा. "मी एका दमात पकडून देतो."

"नको, दादा."

तेराव्या दिवशी धाकटी भाकऱ्या थापून उठली आणि घाईत अत्तर लावायला विसरली. पिठाचा हात तिनं तसाच वाळूवर ठेवला. गव्हाळी उंदीर आला. त्यानं तिच्या बोटाचं टोक हुंगलं आणि एक दाणा उचलून पळाला. दुसऱ्या दिवशी तिनं आठवणीनं केवडा लावला, आणि दोघंही दिवसभर बाहेर आले नाहीत.

धाकटी विचार करत बसली. मग तिच्या लक्षात आलं. उंदरांना ती डोळ्यांनी ओळखूच येत नव्हती, ते तिला नाकानं ओळखत होते. आणि तिनं तर रोज एक नवाच हात त्यांच्यापुढे केला होता. सोमवारी एक अनोळखी माणूस, मंगळवारी दुसरा.

ती उठली, ओढ्यावर गेली आणि काळ्या मातीनं हात घासून आली. त्या दिवसापासून तिनं अत्तर लावलं नाही.

गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. "अत्तरवाल्याची लेक आणि हात कोरा!" आत्या म्हणाली. "उद्या म्हणशील, भाकरीला पीठ नको!" पाणवठ्यावर बाया तिला बघून पदर नाकाला लावत. धाकटी लाजेनं लाल व्हायची, खाली बघायची, पण हात मात्र ओढ्यावर रोज धुवायची.

आठ दिवसांत गव्हाळी तळहातावर बसून दाणे सोलू लागला. राखाडी मनगटापर्यंत येऊन थांबे.

थोरल्याला तेवढंही धीरानं बघवेना. एका दुपारी धाकटी पाण्याला गेलेली पाहून त्यानं वरून झडप घातली आणि राखाडीची शेपटी धरली. उंदीर जिवाच्या आकांतानं सुटला. झुपका थोरल्याच्या चिमटीत राहिला.

धाकटी आली, तेव्हा थोरला पांढराफटक पडून उभा होता. "मला वाटलं, एकदा हातात घेतलं की भीती जाईल," तो पुटपुटला.

"ससाणा असाच येतो वरून," धाकटी एवढंच म्हणाली.

राखाडीची जखम चार दिवसांत सुकली. पण तो बिळाच्या तोंडाशीही येईना. उंटवाला यायला दहाच दिवस उरले होते. धाकटी पहिल्यापासून सुरू झाली. हात खाली, बोटं सैल, हालचाल नाही. पाचव्या दिवशी नाक दिसलं. नवव्या दिवशी त्यानं तिच्या करंगळीवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

दहाव्या दिवशी उंटवाला आला. अंगणात माणसं जमली. बाप म्हणाला, "बाळ, पाहुण्यांना अत्तर लाव."

घरच्या मुलीनं आपल्या बोटांनी पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावायचं, हा तिथला मान. लावलं, तर तिच्या बोटांना मोगरा चिकटणार आणि राखाडीला तो हात परका होणार. नाही लावलं, तर भरल्या अंगणात बापाची मान खाली जाणार.

धाकटीनं दाराकडे पाहिलं. दार चार पावलांवर होतं, पण ती त्याच्याआड गेली नाही.

"मी नाही लावणार," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "काका, तुमचा अपमान करायचा नाही मला. पण हे दोघं माझ्या हाताला वासानं ओळखतात. आज तो बदलला, तर मी त्यांना खोटी ठरेन."

आत्यानं कपाळावर हात मारला. बापानं मान खाली घातली.

उंटवाल्यानं मात्र आपलं मनगट मागे घेतलं. "माझ्या हाताला उंटाचा वास आहे, तो तसाच राहू दे," तो म्हणाला. "दाखव, पोरी."

धाकटीनं हात वाळूवर टेकवला. गव्हाळी लगेच आला. राखाडी आला नाही. माणसं चुळबुळली. थोरला हळूच तिच्या कानाशी वाकला. "जरा ढकल ना बिळातून. कोण बघतंय?"

"तो बघतोय," धाकटी म्हणाली.

ती बसून राहिली. उन्हं उतरली, माणसं कंटाळून घरी गेली, तिच्या हाताला मुंग्या आल्या. तेव्हा बिळातून एक नाक बाहेर आलं. मग झुपका नसलेली शेपटी ओढत राखाडी आला, करंगळी ओलांडून तळहातावर चढला आणि गव्हाळीला खेटून बसला.

तिनं ओंजळ अलगद उचलली, वाळूपासून बोटभरच. कुणी पाय आपटले नाहीत.

"राहू देत इथेच," उंटवाला म्हणाला, आणि त्यानं खोक्याचं झाकण तिच्याकडे दिलं.

बाप पुढे आला. त्यानं अत्तरदाणी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

थोरला कुठे दिसेना. तो आला, तेव्हा त्याचे हात घासून घासून लाल झाले होते. त्यानं ते धाकटीच्या नाकापुढे धरले. "अजून मोगरा येतोय का गं?"

"येतोय."

"मग पुन्हा जातो," तो म्हणाला आणि ओढ्याकडे वळला.

तात्पर्य हेच, की भ्यालेल्या जिवाला आपला थाट कळत नाही आणि जबरदस्तीनं त्याची भीती जात नाही. त्याच्यापुढे रोज तोच खरा हात ठेवावा, आणि तो आपणहून येईपर्यंत मागे घेऊ नये.