एका शब्दाचा माणूस

“...आणि म्हणून बाबा, पहिलाच नियम असा घातलाय: सभेत कोणीही देवाचं नाव घ्यायचं नाही! सांगा, चुकलं का काही?”

तहसीन बागवान टेकडी चढून आली होती. धाप लागली होती, पण बोलणं थांबत नव्हतं. ती राज्यशास्त्राची प्राध्यापक. गेल्या वर्षी गावात दंगल झाली, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या, दोन्ही आळ्यांतून दगड उडाले. आता दोन्हीकडच्या लोकांनी मिळून एक सभा स्थापन केली होती, आणि तिचे नियम लिहायचं काम तहसीनकडे आलं होतं. संध्याकाळी ते सगळ्यांपुढे वाचायचे होते.

टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहणारे करमअली बाबा सुपात डाळ निवडत होते.

“का नको?”

“कारण नावानं भांडण मिटत नाही, पेटतं! सभेत बोलायचं ते कारणं देऊन, दुसऱ्याला पटेल असं. ज्याला तसं बोलता येत नाही, त्यानं...”

“त्यानं?”

“...त्यानं ऐकावं.”

बाबांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

तेवढ्यात ओसरीवरून आरोळी आली. देवाचं नाव. खणखणीत, पूर्ण ताकदीनं.

तहसीन ताडकन उठली. हाच आवाज तिनं त्या दिवशी आळीच्या तोंडाशी ऐकला होता. त्यामागून आलेल्या दगडानं तिच्या भावाचा, साजिदचा, डावा डोळा गेला होता.

“मारुती मोहिते! तो इथे?”

“अर्धांगवायू झालाय त्याला. सून यंत्रमागावर जाते, म्हणून सकाळी इथे सोडते.”

“आणि अजून तीच घोषणा!”

“वाचा गेली, बेटी. तेवढा एकच शब्द उरलाय.”



पुन्हा तेच नाव. या वेळी चिरकं, घशात अडकलेलं.

“तहान लागलीय त्याला,” बाबा म्हणाले. “पेला तुझ्या हाताशी आहे.”

“मी? बाबा, तुम्हाला माहीत आहे ना, यानं...”

“माहीत आहे.”

बाबा डाळ निवडत राहिले.

तहसीन दोन पावलं ओसरीकडे गेली, परत फिरली. मग तिनं पेला उचलला.

मारुती बाजेवर पडला होता. अर्धं तोंड ओघळलेलं. तिनं लांबूनच पेला ओठांना लावला. सगळं पाणी हनुवटीवरून छातीवर गेलं. शेवटी तिला त्याच्या मानेखाली हात घालावाच लागला. तालमीत कमावलेली ती मान तान्ह्या मुलासारखी तिच्या तळहातावर कलंडली.

दोन घोट गेले. तिसऱ्याला ठसका लागला. तो काळानिळा झाला. तिनं घाबरून त्याला उठवून धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, ओढणीनं तोंड पुसलं.

श्वास परतला. मारुतीनं डोळे मिटले आणि अगदी हलक्या आवाजात ते नाव घेतलं.

तहसीननं मान वळवली. “बाबा... हे आभार होते?”

“हं.”

त्याच्या कपाळावर माशी बसली. त्यानं वैतागून तेच नाव तुटकपणे उच्चारलं. तिनं माशी उडवली. आणि एकदम हसू फुटलं तिला!

“बाबा! हे वेगळं होतं! पाण्याचं वेगळं, माशीचं वेगळं... कळतंय मला! सगळं कळतंय!”

ती धावत आली, पिशवीतून कागद काढले.

“पहिला नियम काढूनच टाकते! ज्याच्याकडे दुसरा शब्दच नाही, त्याला आम्ही गप्प बसवणार होतो... नाही, पण थांबा. काढला, तर उद्या पुन्हा तीच आरोळी उठेल, पुन्हा दगड येतील. ठेवला, तर हा मुका. मग लिहू काय, बाबा? संध्याकाळी वाचायचंय मला!”



ओसरीवरून पुन्हा ते नाव आलं. सावकाश, शेवटी किंचित वर चढलेलं. मारुती तिच्याकडेच टक लावून पाहत होता.

तिनं जवळ जाऊन पेला पुढे केला. त्यानं तोंड फिरवलं. तिनं उशी सरकवली. त्यानं डाव्या हातानं ती ढकलली आणि तेच पुन्हा म्हणाला.

“आता काय हवंय त्याला? बाबा, हे नाही कळलं...”

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“तुझं नाव विचारतोय. सांग.”